गोधडीखालच्या तलंगा

इंदिरा नगरच्या घरी मागच्या अंगणात आम्ही तीन तलंगा पाळल्या होत्या, म्हणजे अजून अंडी न घालणाऱ्या तरण्या कोंबड्या. बँकेतून आलो की मी आधी खुराड्यात हात घालायचो आणि धुवायला मोरीवर जायचो, कारण विष्ठेखेरीज हाताला काही लागायचं नाही. शेवटी बायकोनं बजावलं, "संक्रांतीपर्यंत अंडं दिसलं नाही, तर शेजारच्या भाभींना देऊन टाकणार. त्या कोरमा छान करतात." हे ऐकून आमची मुलगी ताटावरून उठली. तिघींना तिनंच पिल्लांपासून वाढवलं होतं.

लखनौच्या थंडीचा आम्ही कोल्हापूरकरांनी धसका घेतलेला. तलंगा गारठतील म्हणून मी खुराड्यावर घरची जाड गोधडी पांघरायचो. उन्हं कलली की घालायची, धुकं विरलं की काढायची. मुलगी तेव्हा बी.एस्सी.ला प्राणिशास्त्र शिकत होती. एका रविवारी ती गोधडीकडे बघत म्हणाली, "पापा, इनके लिए तो रात ही रात है."

"म्हणजे?"

मग तिनं सांगितलं. कोंबडीला उजेड नुसता डोळ्यांनी कळत नाही, तो कवटीतून थेट मेंदूपर्यंत झिरपतो. वयात आलेल्या तलंगेला दिवस पुरेसा मोठा वाटला की मेंदू खालच्या ग्रंथीला निरोप धाडतो, ग्रंथी रक्तात संप्रेरकं सोडते, त्यानं अंडाशय जागं होतं. फिक्कट तुराही मग लाल होतो.

मी टकलावरून हात फिरवला. "माझ्यातही झिरपत असेल का गं?"

"लगता तो नहीं, पापा."

गोधडी घरात गेली. वाऱ्याच्या बाजूला पोतं बांधलं, संध्याकाळी वीज असेल तोवर बल्ब लावला. तुरे हळूहळू लाल झाले. अंडं मात्र नाही, आणि संक्रांत उजाडली.

सकाळी एकीच्या पाठीवर हात ठेवला, तर ती पंख पसरून जमिनीला चिकटून बसली. "हिला लकवा झाला," मी ओरडलो.

"लकवा नहीं, पापा. अंडे पर आने वाली मुर्गी ऐसे ही बैठती है."

बायको तिळाचे हात पुसत बाहेर आली. तिनं स्वतः हात ठेवून पाहिला. तलंग पुन्हा तशीच बसली. एवढ्यात भिंतीपलीकडून भाभींनी विचारलं, "बहनजी, आज भेज रही हैं ना?"

बायकोनं हात काढला नाही. "नहीं भाभी, अब तो ये यहीं रहेंगी."