रविवारचं मटण सोडलं तेव्हा

आमच्या घरात मटण पुरुषानं रांधायचं, तेही परसात, तीन दगडांच्या चुलीवर. स्वयंपाकघरात ते चालत नसे म्हणून ही रीत पडली आणि घरात गॅस आला तरी टिकली. त्यामुळे रविवारी मी राणी. आमचे हे सकाळी मटण आणायचे, कांदा-खोबरं विस्तवावर भाजून काळा मसाला वाटायचे, रस्सा उकळला की मला हाक मारायचे आणि स्वतः वाढायचे. भाकऱ्या तेवढ्या माझ्या. आठवड्यातून हे एकच जेवण मला आयतं मिळायचं. एरवी घरात साखरेचा डबा कुठे असतो तेही ह्यांना ठाऊक नव्हतं.

मी नंदुरबारला मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवते. दोन वर्षांपूर्वी पर्यावरणाचा धडा चालला होता. मांस कमी खाल्लं तर पाणी वाचतं, जमीन वाचते, हवा कमी तापते, असं फळ्यावर लिहून वळले, तर एका मुलीनं विचारलं, "मॅडम, तुम्ही सोडलं का?" लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! मला राग आला, मुलीचा नाही, माझाच. रनाळ्याला घरी येईपर्यंत बसमध्येच ठरवून टाकलं. एकदा ठरवलं की मी मागे हटत नाही, आणि त्याचा त्रास बहुतेक वेळा मलाच होतो.

रात्री जेवताना सांगितलं. ह्यांनी हातातला घास तसाच धरला.

"माळ घाली लिधी का तू?"

माळकरी झाले नाही, पर्यावरणासाठी सोडतेय, असं मी समजावलं.

"बकरी काय विमानमा बठीसन येस का? आपलाच बांधवरला पाला खास ती."

मुद्दा अगदीच खोटा नव्हता. पण रविवारी गावात विकायला येणाऱ्या पोल्ट्रीच्या कोंबड्या काही बांधावर चरून येत नाहीत, हेही खरं होतं. मी हट्ट सोडला नाही. तुम्ही खुशाल खा, म्हटलं.

"तू खास नही ते मी कोनासाठे रांधू?" एवढं बोलून ह्यांनी हात धुतला.

पुढच्या रविवारी परसातली चूल पेटली नाही. हे एका मित्राच्या मळ्यात जेवून आले. त्याच्या पुढच्या रविवारीही तेच. मी एकटीसाठी वरणभात लावला आणि भांडी घासली. मग लक्षात आलं की माझा आठवडा आता सात दिवसांचा झालाय. मी मटण सोडलं होतं, रविवार नव्हता सोडला. चौथ्या रविवारी तर इतकं वाईट वाटलं की वाटलं, जाऊ दे, अर्धा किलो आणायला सांगावं. पृथ्वी माझ्या एका ताटानं थोडीच वाचणार आहे! पण त्या पोरीला काय सांगणार?

पाचव्या रविवारी हे कुठे गेले नाहीत. अकराच्या सुमारास परसातून भाजलेल्या खोबऱ्याचा वास आला. मी बाहेर गेले, तर तोच काळा मसाला चुलीवर रटरटत होता आणि हे त्यात बेसनाचे गोळे सोडत होते. डुबुकवडे करायचं मनात होतं. पण गोळे पडले की विरघळत होते आणि रस्स्याची पार आमटी झाली होती.

"पीठ कितलं घट्ट भिजाडतस?" ह्यांनी वर न बघता विचारलं.

मी सांगितलं. ह्यांनी पुन्हा पीठ भिजवलं. दुसऱ्या खेपेचे वडे टिकले, पण मीठ जास्त पडलं. मग पाणी वाढलं, मग तिखट कमी पडलं. दीड वाजला. मला मदतीला हात लावू दिला नाही.

शेवटी ताट माझ्यासमोर आलं. ह्यांनी स्वतः चव घेतली, बराच वेळ चावत राहिले आणि म्हणाले, "मटन सोपं शे. ते आपली चव संगे लई येस. भाजीले चव आपलेच देनी पडस."

लग्नाला चोवीस वर्षं झाली होती. माझ्या रोजच्या स्वयंपाकाबद्दल ह्यांच्या तोंडून निघालेला हा पहिला शब्द. मी वाटी पुढे केली आणि अजून वाढा म्हटलं.