उजव्या हातातला बेडूक

दोन्ही हात पुढे करून सर वर्गात शिरायचे. डाव्या तळहातावर कोरड्या, खडबडीत कातडीचा भेक, उजव्या मुठीत भातखाचरातला गुळगुळीत सोनबेडूक. "सांगा, फरक काय?" मूठ उघडली की बेडूक थेट पहिल्या बाकावर. पोरी किंचाळायच्या. भेक मात्र बँकेतल्या साहेबासारखा जागचा हलत नसे. "एक उडी मारतो, एक बसून राहतो. बाकीचं पुस्तकात आहे," असं म्हणून सर हसायचे.

पनवेलच्या कॉलेजात ते जीवशास्त्र शिकवायचे, मी मराठी. स्टाफरूममध्ये माझ्या डब्याला खेटून त्यांची बरणी असायची. मी नाक मुरडलं की म्हणायचे, "मॅडम, तुमच्यापेक्षा गरीब आहे हो तो!"

बेडूक यायचे ते गव्हाण गावातल्या त्यांच्या वडिलोपार्जित खाचरातून. धाकट्या भावाला तिथे इमारत बांधायची होती. सरांनी बरेच दिवस अडवून धरलं. शेवटी थकून म्हणाले, "बेडूक असेपर्यंत तरी भराव टाकू नको."

मे महिन्यात ते मुलीकडे पुण्याला गेले. परतल्यावर मीच त्यांना स्कूटरवरून गव्हाणला सोडलं. खाचरावर मुरूम पसरून रोलर फिरला होता. भाऊ हसत सामोरा आला.

"दादा, तुजा शबूद राखला. येक पन बेडूक नवता, मंगच डंपर आनले."

सर दगडावर बसले. गावच्या बोलीत बोलताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकलं. "उनाल्यात ते मातीखाली निजतात रं. नांगराला लागायचे, बाबा उचलून बांदावर ठेवायचा. इसरलास?"

भावाचं तोंड उतरलं. नांगर घरातून जाऊन किती वर्षं झाली होती! मला त्याची चीड आली. शब्द त्याने पाळला होता, म्हणून जास्तच आली.

त्यानंतर सर वर्गात फक्त भेक न्यायचे. उजवा हात खिशात असायचा. फरक कुणाला विचारायचे नाहीत.

त्याच इमारतीत, वाट्याला आलेल्या फ्लॅटमध्ये ते गेल्या पावसाळ्यात वारले. मी घरच्यांना भेटायला गेले तेव्हा दिवेलागणीला भाऊ पार्किंगच्या दिव्याखाली उकिडवा बसला होता.

"म्याडम, बगा ना, बेडूक हाय. ऱ्हायलेत आजून."

त्याची समजूत घालायची माझी इच्छाच नव्हती. त्याने ते जनावर अलगद तळहातावर घेतलं, हात पुढे केला आणि ते उडी मारेल याची वाट बघत राहिला.

भेक बसूनच होता.