जिन्यावरची लुगडी

आमच्या घराचा जिना घरात कोणालाच आवडत नसे. उभा, अंधारा, सागाच्या फळ्यांचा, चढताना गुडघा छातीला लागेल असा. वाडीतून दमून आलेले वडील तो चढता चढता जिना बांधून घेणाऱ्या आजोबांना रोज दोन शब्द सुनावत. त्याला सजवायचं कोणाच्या मनातही आलं नसतं. पण आई आजारी पडली, तिला माडीवर ठेवलं, आणि मग घरात तेवढीच एक जागा उरली जिच्या एका टोकाला ती होती आणि दुसऱ्या टोकाला मी.

तिला क्षय झाला होता. तो शब्द घरात काढायचा नाही, 'बारीक ताप' म्हणायचं, असा आत्याचा हुकूम. आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. नवरा गेल्यावर माहेरी आली आणि आल्या दिवसापासून घर तिनं हातात घेतलं. स्वराज्य येऊन तेव्हा दोन-तीन वर्षं झाली होती. या दुखण्यावर नव्या सुया निघाल्या होत्या आणि वडील त्या मुंबईहून कशाबशा मिळवून आणत. डॉक्टर म्हणाले, सुया काम करतील, पण बाईंनी खाल्लं पाहिजे, नुसत्या सुयांनी काही व्हायचं नाही. जाता जाता माझ्याकडे बघून म्हणाले, हिला वर पाठवू नका. मी एकुलती एक होते, दहा वर्षांची, आणि त्या माणसाला चावावं असं मला वाटलं.

आत्यानं जिन्याच्या मधल्या पायरीवर खडूनं रेघ ओढली. त्या रेघेच्या वर मी जायचं नाही. आईनं एकदाच विचारलं, पोरीला दारातून तरी दाखवाल का? आत्या नाही म्हणाली. तेव्हापासून आईनं भिंतीकडे तोंड केलं ते केलंच. दूध नेलं तसं परत येऊ लागलं, पेजही तशीच. मी रेघेखाली बसून हाका मारत असे. ती ओ देत नसे. आत्या भांडं घेऊन खाली आली की वडील तिच्या तोंडाकडे बघत, ती मान हलवी, मग ते भांड्यात बघत. घरात दुसरं बोलणंच उरलं नव्हतं. आई उपाशी राहून मरणार हे सगळ्यांना कळत होतं आणि कोणाच्या हातात काही नव्हतं.

तिची खाट समुद्राच्या वाऱ्यासाठी खिडकीशी लावली होती. उशीवरून दाराबाहेर बघितलं तर जिन्याच्या वरच्या पायऱ्या आणि कठडा दिसे, खालचं काही नाही. म्हणजे मला जाता येई तिथलं तिला दिसत नव्हतं, आणि तिला दिसे तिथे मला जाता येत नव्हतं. रेघ ओढताना एवढं कोणाच्या डोक्यात आलं नाही. मोठ्या माणसांच्या अकलेबद्दल माझं मत तेव्हाच झालं, ते अजून फारसं बदललेलं नाही.

"वरच्या पायऱ्या रंगवू," एका सकाळी वडील म्हणाले. "तिला रंग आवडतात. वळून बघंल."

वडील वाडीतलं माणूस. पानवेल, केळी, फुलं यांतलं त्यांना सगळं कळे आणि घरातलं काहीच कळत नसे. आई चांदीप गावची, भातशेतीवाल्या घरातली. तिच्या माहेरी दिवाळीला दारं-भिंती गेरू-चुन्यानं रंगवत, तेवढं त्यांनी लक्षात ठेवलं होतं. त्यांनी एक पायरी गेरूनं रंगवली, एक कपड्याच्या निळीनं. तिसरी पिवळी करायची म्हणून चुन्यात हळद कालवली, तर ती लालभडक झाली. दोहोंचं कुंकू होतं हे कुठल्याही बाईनं सांगितलं असतं, पण विचारतील तर ते वडील कसले! पायरी लाल ती लालच राहिली.

मग मी सुरू झाले. आंबे काढायची लांब आकडी घेऊन मी रेघेखाली उभी राहायची आणि एकेक वस्तू वरच्या कठड्याला अडकवायची. केळीच्या सोपाच्या दोऱ्यात ओवलेली अबोली अडकवली, झेंडू अडकवला, फुटक्या बांगड्यांच्या माळा अडकवल्या. शेजारच्या ख्रिस्ती मावशींनी नाताळात केलेल्या कागदी चांदण्या जपून ठेवल्या होत्या, त्या त्यांनी न मागता आणून दिल्या. पतंगांचा कागद कापून मी पताका केल्या. मान अवघडायची, हात भरून यायचे, अर्ध्या वस्तू माझ्याच डोक्यावर पडायच्या. "जिना आहे का जत्रेतलं दुकान?" आत्या म्हणायची. पण खाली पडलेली माळ ती स्वतः वर नेऊन बांधायची, हेही मी बघितलं आहे.

तो जिना इतका सुंदर झाला की येणारे-जाणारे ओटीवरून आत डोकावत. वारा आला की बांगड्या किणकिणत. एकटी आई बघत नव्हती. मी रोज विचारी, "बघितलं का?" आणि आत्या भांडं पुढे करी. फुलं सुकली, बदलली, पुन्हा सुकली. एके दिवशी मी आकडी आपटली आणि ओरडून म्हणाले की तिला आम्ही नकोच आहोत. वडील उठले. वाडीकडे गेले आणि केळींत बसून रडले. मला कसं कळलं, तर मी मागोमाग गेले होते.

दुसऱ्या दिवशी आत्या बाजाराला गेली होती. वडिलांनी आईची पेटी उघडली. हळदीचं पिवळं, डोहाळजेवणाचं हिरवं, चांदीपहून दिवाळीला आलेलं डाळिंबी, अशी तिची ठेवणीतली लुगडी त्यांनी ओटीवर काढली, कात्री घेतली आणि त्यांच्या उभ्या लांब पट्ट्या कापल्या. फुलं परकी, कागद परका, आपल्या लुगड्यांचे रंग तरी ती ओळखेल, असा त्यांचा हिशेब. मला तो फार पटला. आम्ही दोघांनी मिळून पट्ट्या कठड्यातून ओवल्या. वर ते बांधत होते, खाली मी टोकं धरत होते. कितीतरी दिवसांनी मी त्यांना गुणगुणताना ऐकलं.

हिरवी पट्टी तेवढी बांधायची राहिली होती. तिचं वरचं टोक अडकवून वडील खाली उतरले आणि आत्या दारात आली. तिच्या हातातली पिशवी पडली.

"अरे मेल्या, काय केलंस हे? जित्या बायकोची लुगडी फाडलीस?"

आमच्याकडे बाई गेली की दिवसवारानंतर तिची लुगडी नात्यातल्या बायकांत वाटतात. तोवर ठेवणीतल्या लुगड्याला कात्री लागत नाही. फाटलं तरी दंड घालून, म्हणजे फाटका भाग काढून उरलेलं जोडून शिवून, नेसतात. घरातली पोरंसुद्धा हे बघून शिकतात. मला कळायला हवं होतं म्हणा, पण मी दहा वर्षांची होते आणि वडील पन्नाशीला आलेले. ते पांढरे पडले.

वर खाट करकरली. आत्याचं ओरडणं ऐकून आई वळली होती. वळली आणि तिनं बघितलं.

"कोनी फाडली?" तिचा आवाज मी कित्येक दिवसांनी ऐकला. "मी मेली का? मना न सांगता मारली का मना?"

आणि ती उठली. जी बाई आधाराशिवाय बसत नव्हती ती जिन्याच्या तोंडाशी येऊन उभी राहिली. मी तिला ओळखलं नाही, हे लिहिताना अजून हात थांबतो. चेहऱ्यात डोळे तेवढे उरले होते. कठडा धरून ती एकेक पायरी उतरू लागली आणि दिसेल ती पट्टी ओढून काढून खांद्यावर टाकू लागली. पिवळी काढली, डाळिंबी काढली. शिव्या देत होती, खोकत होती. रेघेच्या थोडं वर तिचा दम संपला आणि ती मटकन बसली. हिरव्या पट्टीचं वरचं टोक तिच्या मुठीत होतं. खालचं माझ्या.

तेव्हा तिनं मला बघितलं. राग कुठल्या कुठे गेला.

"जेवली का गं?"

"तू जेव ना," मी म्हणाले आणि रडायला लागले.

तिनं पट्टी हलकेच ओढली. मी ओढली. तिनं पुन्हा ओढली. मी आणखी लहान होते तेव्हा दळताना जात्याचा खुंटा आम्ही दोघी असाच धरायचो, ती ओढायची आणि मी नुसती लटकायची. मी एक पाय रेघेवर टाकला.

"नको!" आई ओरडली. "धरा तिला!"

वडिलांनी मला मागून कवळ घातली. मी पट्टी सोडेना. तेव्हा त्यांनी माझी बोटं एकेक करून उलगडली. ज्यांनी तिला आमच्याकडे वळवायला जिना रंगवला, त्यांनीच ती उलगडली, आणि उलगडताना ते माझ्याहून मोठ्यानं रडत होते. पण पट्टीत ताण नव्हताच. आईनं तिचं टोक आधीच सोडलं होतं.

त्या संध्याकाळी तिनं पेज खाल्ली. मग रोज खात गेली, भिंतीकडे तोंड पुन्हा केलं नाही, सुया घेतल्या. उशीर झाला होता. दिवाळीच्या आधी ती गेली. मला तिनं पुन्हा दारातूनही बघायला मागितलं नाही. विचारलं तर म्हणे, नको, ती वर धावत येईल.

मला तो ताप कधी झाला नाही. लोक म्हणतात, आईनं वेळीच सोडलं म्हणून मी वाचले. खरं असेल. पण मला वाचायचं नव्हतं. मला वर जायचं होतं.