रिकाम्या कप्प्यातून आलेला निळा उजेड

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांची मी आजवर मनसोक्त टर उडवलीय. तेव्हा आता तुम्ही माझी उडवलीत तरी तक्रार नाही...

कुपवाडला आमचं लेथचं छोटं वर्कशॉप आहे. वडील — अण्णा — जुने टर्नर. त्यांची एक खोड. कामाच्या नादात कुणी जेवण टाळलं, की त्याच्या लेथच्या चकची चावी गुपचूप खिशात घालायचे. त्या चावीशिवाय जॉब, म्हणजे घडवायचा तुकडा, लेथवर बांधता येत नाही. गडी शोधत यायचा, की म्हणायचे, "आदी जेव."

मला नाद आकाशाचे फोटो काढायचा. गेल्या हिवाळ्यात जतकडच्या माळावर, बिरा नावाच्या मित्राच्या रानात, एका फुटलेल्या ताऱ्याच्या अवशेषाचे फोटो घेत होतो. तारा फुटून हजारो वर्षं झाली, तरी त्याचा धक्का अजून पुढं सरकतोय. वाटेतला वायू तापतो आणि चमकतो. हायड्रोजनचा उजेड लाल, ऑक्सिजनचा निळसर. प्रत्येकाला वेगळा फिल्टर, म्हणजे तेवढाच रंग आत सोडणारी छोटी काच. ते कॅमेऱ्यापुढच्या बंद चकतीत बसवलेले असतात, चकती लॅपटॉपवरून फिरते. लालचे फोटो आधीच झाले होते. त्या रात्री फक्त निळा घ्यायचा होता.

निघताना अण्णा म्हणाले, "जेवून जा रं."

मी खेकसलो, "उशीर होतोय, अण्णा!"

रात्री बायकोचा, सुनंदाचा फोन. "आवं, अण्णा जेवलं न्हाईत. हात जड पडलाय म्हणत्यात. तुमी येताय का?"

"झोपू दे त्यांना. असं आकाश परत मिळायचं नाही."

बिरा शेजारीच होता. म्हणाला, "आरं जा की गड्या, तारं काय पळून चाललंत व्हय?" मी हसण्यावारी नेलं. स्क्रीनवर निळे धागे उमटत होते... इतके सुरेख, की दुसरं काही सुचत नव्हतं.

पहाटे अण्णांना अर्धांगवायूचा झटका आला. सांगलीच्या दवाखान्यात पोचलो, तेव्हा त्यांची मूठ घट्ट आवळलेली होती. मी हळूहळू उघडली. आत माझा ऑक्सिजनचा फिल्टर!

सुनंदा रडत म्हणाली, "तुमी निघायच्या आदीच अण्णांनी काडून घेतलावता. मला म्हणालं, 'सांगू नगंस. ह्ये न्हाई म्हणल्यावर येतोय बग माघारी, मग जेवू संगट.' सांजंपासनं दाराकडं बघत बसलं हुतं."

मी गाडीत जाऊन चकती उघडली. ऑक्सिजनच्या फिल्टरचा कप्पा रिकामा. रिकाम्या कप्प्यातून सगळाच उजेड आत घुसतो, फोटो पांढराफटक यायला हवा. माझे फोटो स्वच्छ आहेत. जाणकारांना दाखवले. ऑक्सिजनच आहे म्हणाले, धागा न् धागा बरोबर. कसं आलं, ते त्यांनाही सांगता येत नाही आणि मलाही.

फोटो बिघडले असते, तर शिव्या घालत का होईना, घरी आलो असतो.

अण्णांची वाचा गेलीय. ते नुसते बघतात, आणि मी मान खाली घालतो. फिल्टरसाठी मी नक्की माघारी येईन, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांच्यासाठी येईन, याची खात्री नव्हती.