अक्कलहुशारीने

अलिबागच्या कचेरीबाहेर वडाखाली एक दस्तलेखक लोकांचे दस्त लिहीत बसायचे. मी शेजारीच स्टँप विकायचो. नवे पैसे तेव्हा नुकतेच सुरू झाले होते. टाक केसांना पुसायची त्यांना सवय होती, त्यामुळे पांढऱ्या केसांत कायम एक निळी रेघ असे.

‘अक्कलहुशारीने व राजीखुशीने लिहून देतो’ हे प्रत्येक दस्तातलं वाक्य. ते लिहिण्याआधी मात्र ते हटकून विचारायचे, "हे दिल्यावर तुझ्याकडं काय उरेल?" लोक वैतागायचे.

एकदा थळचा एक जण म्हाताऱ्या मावशीला घेऊन आला. तिचं घर एका व्यापाऱ्याला विकायचं होतं. तो ते पाडून वखार बांधणार होता.

"आजी, घर पाडल्यावर निजशील कुठं?"

"माज्या घरान. दुसरीकडं कुठं?"

त्यांनी फिरवून फिरवून विचारलं. उत्तर तेच.

"वय झालंय तिचं. तुमी लिवा," भाचा म्हणाला.

त्यांनी दौतीला बूच लावलं. "दिलं म्हणजे गेलं, हे तिला उमगत नाही. तिच्या नावावर अक्कलहुशारी मी लिहिणार नाही."

पलीकडच्या लेखकानं दुपारच्या आत लिहून दिलं.

जाताना म्हातारी आमच्यापाशी थांबली. अंगठ्याला शाई तशीच होती.

"तुला न्हाय जमला, तरी माजा राग न्हाय, भाऊ. येकदा घरा जेवाला ये."

ते उठून उभे राहिले. "येईन, आजी," म्हणाले.

त्यांना खोटं बोलताना मी तेवढंच ऐकलं.