घाम पुसू नका!

हॉस्पिटलातली सिस्टर लग्नाच्या पंगतीत बसली की शेजारची बाई हमखास विचारते, "काय गं, तुमच्यात भुतंबितं दिसत्यात काय?" अहो, भुतं कुठली! माणसंच इतकी भेटतात की भुतांची गरज पडत नाही. एक किस्सा सांगून होईपर्यंत वॉर्डात दुसरा भरती झालेला असतो.

आमचं हॉस्पिटल निपाणी-बेळगाव रस्त्याला. मी कंग्राळीची, आणि आमच्या इन्चार्ज गंगव्वा आक्का चिकोडीकडच्या. त्यांच्या घरात कन्नड, वॉर्डात मराठी, आणि राग आला की दोन्ही! काळजाचे ठोके, घाम, लाळ, डोळ्याची बाहुली, ही कामं शरीर आपल्याला न विचारता करत असतं. त्या कामात हात घालणारं औषध दिलं की आक्का नव्या पोरींना बजावतात, "सुई टोचून पाठ फिरवायची न्हाय. खरी ड्यूटी सुईनंतर हाय!"

*

सदलग्याची एक आजी. जुनी दमेकरी, पण बरेच महिने ठीक होती. एका सकाळी आणली ती तोंडातून शब्द फुटेना, ओठ निळे. मास्क लावला, औषधाची वाफ सुरू केली.

"आजी, नवीन काय घेतलंत?"

आजीनं हातानंच सांगितलं, काही नाही. आजोबा म्हणाले, "गोळी न्हाय, सुई न्हाय, गार पाणीसुदिक न्हाय!"

आक्कांनी आजोबांकडे बघितलं. "आणि तुमाला काय औषध चालू हाय?"

"माझं कशाला? काचबिंदूचं थेंब हाईत, डोळ्यात घालायचं."

मास्कमागच्या आजीनं हळूच दोन बोटं वर केली आणि आपल्या दोन्ही डोळ्यांना लावली. डोळे चुरचुरत होते, घरात थेंब होते, घातले! तो थेंब नाकावाटे रक्तात उतरतो आणि दमेकऱ्याची श्वासाची वाट आवळून टाकतो, हे त्या बिचारीला कोण सांगणार?

आजोबा कडाडले, "लगीन झाल्यापास्नं सांगायलोय, माझ्या वस्तूला हात लावू नगंस!"

आजीनं मास्क बाजूला ओढला. "आणि माझी पान-तंबाखूची चंची कोण उचकतंय रोज?"

आक्का म्हणाल्या, "भांडायला लागली! आता काळजी न्हाय."

*

खानापूरकडचा एक तरुण, इंगळी चावलेला. तांबडी इंगळी, म्हणजे लाल विंचू. हातपाय बर्फासारखे गार, अंग घामानं निथळलेलं आणि बीपी चढलेलं. ते उतरवायची गोळी दिली. ती गोळी रक्तवाहिन्या सैल करते, त्यामुळे माणूस उभा राहिला की बीपी धाडकन खाली येतं. मी बजावलं होतं, "पलंगावरून उठायचं नाही. लघवीलासुद्धा नाही!" पोरगं गुणाचं, हललं नाही.

मग थोरला भाऊ आला. दारात अण्णा दिसल्याबरोबर हा ताडकन उठला आणि पाया पडायला वाकला. अण्णांनी हात वर केला, "असू दे, असू दे!"

हा वाकला तो वाकतच गेला.

"असू दे की रं बाळा..."

"अहो, असू दे काय! धरा त्यांना!" मी ओरडले. पाय उंच केले, सलाईन धो धो सोडलं. बीपीच्या मशीनवर आकडा उमटेपर्यंत मी त्याचे पाय खाली ठेवले नाहीत.

डोळे उघडल्यावर त्याचा पहिला प्रश्न, "अण्णा रागावलं न्हाईत न्हवं?"

*

वडगावचे एक विणकर मामा. कुठल्याशा इंजेक्शनची रिअॅक्शन आली. ओठ सुजले, घसा आवळला, आवाज बंद, शुद्ध हरपली. मांडीत अॅड्रेनालिन दिलं. सूज उतरायला लागली, पण त्या औषधानं काळीज धडाधडा उडतं आणि हात थरथरतात. मामा घाबरेघुबरे.

"सिस्टर, लई भ्या वाटायलंय हो!"

"वाटू दे मामा! मघाशी भ्या वाटायलासुदिक तुम्ही ठिकाणावर न्हवता!"

मामा आपल्या थरथरत्या बोटांकडे बघत म्हणाले, "ह्या हातानं साडी इणली तर काठ कुठं आणि पदर कुठं!"

*

आणि हा मारुतीचा.

मारुती निपाणीजवळचा. तंबाखूवर फवारणी करताना वारं फिरलं आणि सगळं औषध अंगावर आलं. ओला सदरा तसाच ठेवून यानं फवारणी पुरी केली. आणला तेव्हा तोंडातून लाळेची धार, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, छातीत घरघर. असं विष अंगात भिनलं की माणूस आपल्याच पाण्यात बुडतो. उतारा म्हणजे ते पाणी आटवणारं अॅट्रोपिन. छाती कोरडी होईपर्यंत देत राहायचं, मग त्याचीच ड्रिप.

छाती कोरडी झाली. पण अॅट्रोपिनचा अंमल वाढला की माणूस बरळतो. मारुती हवेत तंबाखूची पानं खुडायला लागला! त्याचे वडील, आप्पा, भडकले. "ल्योक धड आणला हुता, तुमी खुळा केलासा!"

सकाळी डॉक्टरांनी तपासून ड्रिप कमी केली. "घाम येतो का, लाळ येते का, बघत राहा." आम्ही बघत होतो. कपाळ कोरडं, काख कोरडी, तोंड कोरडं. मारुती शांत झोपलेला. आप्पाही निवळले.

दुपारी ऑक्सिजन उतरायला लागला. आक्कांनी स्टेथोस्कोप लावला. छातीत पुन्हा पाणी! वरून माणूस कोरडा आणि आतून ओला, हे कसं? आक्कांची नजर उशाशी बसलेल्या मारुतीच्या बायकोच्या, शेवंताच्या मांडीवर गेली. तिथं टॉवेल होता, ओलाचिंब.

"सकाळधरनं पुसायली काय गं?"

"व्हय. घाम, लाळ... चारचौघांत बरं दिसत न्हाय म्हणून."

"बेडा, बेडा! नको, पुसायचं न्हाय!" आक्का ओरडल्या. "तेच बघून तर आमी औषध देतोय!"

डॉक्टर धावत आले आणि म्हणाले, ड्रिप वाढवा. आप्पा ड्रिपच्या स्टँडपुढे आडवे उभे राहिले. "परत खुळा करायचा न्हाय. भाईर गाडी उभी हाय. मी घरला न्हेतो."

"आप्पा, रस्त्यातच जाईल तो!" डॉक्टर म्हणाले.

"जाऊ दे. श्यान्यावानी जाईल!"

मशीनवरचा आकडा उतरत होता. आप्पांना ढकलून द्यावं असं मला वाटत होतं, खोटं कशाला सांगू! आक्का हात जोडत होत्या, डॉक्टर ओरडत होते. म्हातारा हलेना.

शेवंता उठली. भरती झाल्यापासून सासऱ्यापुढं तिनं मान वर केली नव्हती. डोक्यावरचा पदर खाली आला, तो तिनं सावरला नाही. तिनं टॉवेल आप्पांच्या हातात दिला.

"पिळा."

आप्पांनी टॉवेल परत तिच्यापुढं केला.

"पिळा की!"

त्यांनी पिळला. पाणी त्यांच्याच पायांवर पडलं.

"ह्यो तुमच्या ल्योकाचा जीव हाय, आप्पा. सकाळधरनं म्या पुसून टाकलाय. आता तुमी टाकू नका."

आप्पा स्टँडपासून बाजूला झाले. आक्कांनी ड्रिप वाढवली.

मारुती पुन्हा बरळला, पुन्हा पानं खुडली. आप्पा दाराकडे तोंड करून बसले, पण गाडी त्यांनी परत पाठवली. शेवंता दोन्ही हात मांडीखाली दाबून नवऱ्याच्या कपाळाकडे बघत बसायची. जरा चमकलं की हाक, "सिस्टर, आलाय!"

ड्रिप सुटली. दोन-तीन दिवसांनी मारुती पलंगावर टेकून गरम पेज पीत होता. करंट गेलेला, पंखा बंद. त्याच्या कपाळावर घामाचे थेंब जमले.

"शेवंता, तोंड पूस की गं."

टॉवेल तिच्या हातातच होता. तिनं हात उचलला, मध्येच थांबवला आणि माझ्याकडं बघून विचारलं, "सिस्टर, पुसू काय?"