बुद्धपौर्णिमेला उलगडलेली केबल

आमच्या शेजारच्या ललिताताई कुणाच्याही घरी गेल्या, की आधी इस्त्रीची वायर न्याहाळायच्या, मग चहाला हो म्हणायच्या. केबलच्या कारखान्यात त्या इंजिनिअर. कुठल्या केबलमधून किती करंट जाऊ द्यायचा, हे ठरवणं त्यांचं रोजचं काम.

दोन हजार साली बिबवेवाडीतल्या विहारामागच्या पत्र्याच्या खोलीत मुलींसाठी कॉम्प्युटर क्लास काढायचं त्यांनी मनावर घेतलं. मुलींना लांबच्या क्लासला पाठवायला घरचे तयार नव्हते. "जबाबदारी माझी," असं ताई घरोघरी सांगून आल्या होत्या. गल्लीतल्या तुळजाबाईंनी मात्र नातीला, शेफालीला, पाठवायचं कबूल केलं नव्हतं. "आधी बघते," एवढंच म्हणाल्या. उद्घाटनात काही बिघडलं असतं, तर शेफालीच काय, बाकीच्या मुलीही घरी बसल्या असत्या.

उद्घाटनाच्या दिवशी, बुद्धपौर्णिमेला, सकाळीच मांडववाल्या कोंडीरामने भाड्याची लांबलचक रबरी केबल जोडून दिली. लागली तेवढी सोडली, उरलेली ड्रमवर गुंडाळलेली तशीच ठेवून वर झेंडूची माळ घातली. कॉम्प्युटर सुरू, कूलर सुरू, सगळे खूष.

ताईंनी माळ बाजूला करून ड्रमला हात लावला. केबल तापायला लागली होती. "बंद करा सगळं."

"ताई, बत्तीस अँपिअरची वायर हाय. तुमच्याच कारखान्याच्या पुस्तकातला आकडा हाय," कोंडीराम म्हणाला.

"तो सरळ टाकलेल्या केबलचा. ही मांडी घालून बसलीय. गरम पोळ्या एकावर एक रचून डबा लावला, की मधल्या पोळीला घाम फुटतो ना? चार थरांना त्या आकड्याचा जेमतेम तिसरा हिस्सा धरायचा. पत्र्याखालच्या उन्हाचं आणखी वजा."

"मग उरलेली कापू?"

"काप की."

"मालक मला कापंल."

तेवढ्यात ताईंचे यजमान सुखदेवराव धावत आले. "अगं, पाहुणे दारात आलेत."

"येऊ द्या. केबल धरायला माणसं हवीच आहेत."

आणि खरंच धरली सगळ्यांनी. मंत्रालयातून निवृत्त झालेले प्रमुख पाहुणे श्रीधरराव पांढऱ्या सफारीत सर्वांत पुढे, मागे मुलींच्या आया, मी, आणि ड्रम फिरवणारा कोंडीराम. कडुलिंबाच्या सावलीतून, मांडवाच्या बांबूंवरून, डोक्याच्या वर राहील अशी सगळी केबल विहाराला वळसा घालून आली. "सत्काराला हार घालतात म्हणे. इथे दोरखंड दिला," श्रीधरराव म्हणाले, आणि स्वतःच इतके हसले की केबल हातातून सुटली.

ताईंनी पुन्हा बटण दाबलं. बराच वेळ थांबल्या, ठिकठिकाणी हात लावून पाहिलं. मग म्हणाल्या, "आता चालेल."

तुळजाबाई खुर्चीवरून हे सगळं बघत होत्या. मला वाटलं, भर कार्यक्रमात क्लास बंद पडलेला बघून उठून जातील. त्या उठल्या, पण शेफालीचा दंड धरून खोलीत गेल्या आणि पहिल्या खुर्चीवर तिला बसवलं.

"एवढे पाहुणे दारात, तरी बाई बंद करायला कचरली न्हाई," त्या सुखदेवरावांना म्हणाल्या. "हिच्यापाशी पोरगी ठेवायला मला भ्या न्हाई. तुम्ही मधे बोलत जाऊ नका."